सुई आणि बोट

माझे वडील विसरायला लागले तेव्हा ते माणसं विसरले नाहीत. आम्हा सगळ्यांना शेवटपर्यंत ओळखत होते. भाजीवाल्याशी भोजपुरीत घासाघीस करत होते, आमटीत मीठ कमी पडलं तर आईला सांगत होते. ते विसरले तो फक्त ऋग्वेद. एका सकाळी रामघाटावरच्या आमच्या घरात ते रोजच्या आवर्तनाला बसले, एका ओळीपाशी अडले, थोडं मागे गेले, जोर लावून परत तिथे आले आणि परत अडले. आईने जेवायला हाक मारली तेव्हाही ते त्याच ओळीपाशी होते. मी जवळ गेलो तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू ती ओळ मीच कुठेतरी लपवून ठेवली आहे. त्यानंतर ते बरीच वर्षं जगले, पण मला त्यांचा तो चेहरा तेवढा आठवतो. मरणाची मला भीती वाटत नाही, काशीत राहून ती वाटून चालतही नाही. भीती वाटते ती त्या चेहऱ्याची.

आणि आता मी त्यांच्याच वयाला आलो आहे, त्यांच्याच जागेवर बसतो. मुलांना वेद शिकवतो. आमची रीत सगळ्यांना ठाऊक असेलच असं नाही, म्हणून सांगतो. गुरू एकदा म्हणतो, समोरची मुलं तेच दोनदा म्हणतात. याला संथा म्हणतात. छापलेली पुस्तकं घरोघरी आहेत, पण समोर पुस्तक धरून शिकवणं आमच्यात कमीपणाचं. माझ्या तोंडून जे निघेल ते मुलांच्या कानात जातं आणि तिथे कायमचं बसतं. ती मुलं उद्या नाशिकला जातील, पैठणला जातील, परदेशातल्या एखाद्या देवळात जातील, आणि तेच पुढच्यांना देतील. लहानपणी हे सगळं ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. आता याच विचाराने हातपाय गार पडतात.

पहिल्यांदा झालं ते माघातल्या एका सकाळी. गंगेवर धुकं होतं, स्नान करून मी पायऱ्या चढत होतो आणि सवयीने घन म्हणत होतो. घन म्हणजे मंत्रातले शब्द पुढे-मागे, उलटसुलट गुंफून म्हणायचे. दोन शब्द पुढे, तेच उलटे, परत पुढे, मग तिसरा जोडायचा, की पुन्हा उलटं. डोकं एक क्षण जरी इकडेतिकडे गेलं तरी पाय घसरतो. माझा पाय कधी घसरला नव्हता, याचा मला ताठाही होता. त्या सकाळी मी तिसऱ्या शब्दासाठी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. ओठांवर येऊन अडणं निराळं, ते सगळ्यांचं होतं. इथे शब्द ओठांपर्यंत आलाच नव्हता. मी पायरीवर उभा राहिलो. एक नाववाला खालून ओरडला, “गुरुजी, तबियत ठीक है ना?” मी हात हलवला. थोड्या वेळाने शब्द आला, अगदी सहज, कुठे गेलोच नव्हतो अशा थाटात.

पुढच्या पंधरवड्यात आणखी दोन-तीनदा तसंच झालं. घरी कुणाला सांगितलं नाही. बायकोला न सांगताच कळलं, कारण मी जेवताना चिडायला लागलो होतो आणि चिडायला कारण लागत नव्हतं. तिने सरळ विचारलं, “अहो, पाठ अडतोय का?” मी म्हटलं, “तुझी भाजी अडते आहे घशात.” तिने दिल्लीला मुलीला फोन केला.

मुलीचं मराठी आता आमच्या गल्लीसारखं झालं आहे, अर्ध्या वाटेवर हिंदीत वळतं. “बाबा, तुम्ही आधी न्यूरोवाल्या डॉक्टरला दाखवा. ते मेमरीची टेस्ट घेतात, ब्लड बघतात, बी-ट्वेल्व कमी असलं तरी असं होतं. डरायचं काय त्यात?” मी म्हटलं, बघतो. पण बघणार नव्हतो. तिथे गेलो तर कुणीतरी अनोळखी माणूस मला घड्याळाचं चित्र काढायला सांगणार, शंभरातून सात-सात वजा करायला लावणार आणि शेवटी माझ्या वडिलांना जे झालं होतं त्याचं इंग्रजी नाव कागदावर लिहून देणार. ते नाव ऐकण्याची माझी तयारी नव्हती.

मग मी ते औषध शोधलं जे घ्यायला रोगाचं नाव लागत नाही. आमच्या एका यजमानांनी सांगितलं, ते इथले मोठे साडीवाले. कँट स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर नवा दवाखाना निघाला आहे, तिथे को-एन्झाइमची इंजेक्शनं देतात, शिरेतून ड्रिपही देतात. ते स्वतः घेत होते. “गुरुजी, दिमाग एकदम शीशे की तरह साफ हो जाता है.” साड्यांचे दर त्यांना पूर्वीही कधी विसरायला झाले नव्हते, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. घाबरलेल्या माणसाला फक्त हवं तेवढंच ऐकू येतं.

दवाखाना दवाखान्यासारखा नव्हताच. पांढऱ्या भिंती, आडवं होता येईल अशा खुर्च्या, मंद संतूर. डॉक्टर तरुण होता, माझं धोतर आणि शेंडी बघून पाया पडला. त्याने समजावलं की हे द्रव्य शरीराच्या प्रत्येक पेशीत असतंच, पेशीला काम करायला ताकद देतं, वयाबरोबर कमी होतं, म्हणून बाहेरून द्यायचं. ऐकायला अगदी सरळ वाटलं. तेल कमी झालं तर समईत तेल घालतो तसं.

मी शास्त्र शिकलेला माणूस. विचारलं, “याने स्मरण सुधारतं याला प्रमाण काय?”

तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. “रिसर्च चल रही है, गुरुजी. पक्का अभी कोई नहीं बोल सकता. पर लोगों को क्लॅरिटी फील होती है.”

तिथेच उठायला हवं होतं. पाठशाळेत एखाद्याने ‘पक्कं नाही पण वाटतं’ असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला घाटावर पिटाळला असता. पण मी बाही वर केली.

ड्रिप सुरू झाली आणि थोड्याच वेळात छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. तोंड गरम, पोटात ढवळायला लागलं. वाटलं, संपलं. मनात पहिला विचार काय आला तर हाच की निदान पाठ विसरायच्या आधी जातो आहे. नर्स धावत आली, तिने ड्रिपचा वेग कमी केला, “फास्ट चला गया था, बाबूजी, अभी ठीक हो जाएगा,” म्हणाली, आणि खरंच हळूहळू ते उतरलं. बाहेर पडलो तेव्हा संध्याकाळ होत होती. रिक्षात बसलो आणि एकाएकी सगळं लख्ख दिसायला लागलं. दुकानांच्या पाट्या, कचोरीच्या कढईतले बुडबुडे, कुणाच्या तरी छतावर वाळत घातलेली जर्द पिवळी साडी. इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाली होती. मी रिक्षावाल्याशी गप्पा मारत घरी आलो.

मग मी जातच राहिलो. पुढच्या खेपांना त्रास कमी झाला आणि ती लख्ख भावना मात्र दरवेळी आली. झोप चांगली लागायला लागली. मी घरात गुणगुणायला लागलो. मुलांवर ओरडणं कमी झालं, तर मुलंच बावरली. बायको म्हणाली, “तुमच्या दिमागात एवढा उजेड पडलाय तर गीझर का चालूच राहतो रोज?” मी म्हटलं, गीझरचा वेदाशी काय संबंध. ती हसली नाही.

पण मी नुसत्या वाटण्यावर विसंबणारा नव्हे. मी माझी परीक्षा लावली होती, आणि ती दवाखान्यातल्या कुठल्याही परीक्षेपेक्षा कडक होती. ती परीक्षा म्हणजे माझा गुरुबंधू.

आम्ही दोघं लहानपणी माझ्या वडिलांपुढे शेजारी शेजारी बसून शिकलो. पुढे त्याने विद्यापीठात नोकरी केली, आता निवृत्त होऊन भोसले घाटाच्या वरच्या अंगाला राहतो. आजही कुठे पारायण असलं की तो माझ्या समोर बसतो. समोरासमोर दोन रांगा, एकाने म्हणायचं, दुसऱ्याने उचलायचं, आणि कुणी चुकला तर समोरच्याने तर्जनी वर करायची. तोंडाने काही बोलायचं नाही, फक्त बोट. बोट दिसलं की थांबायचं, मागे जायचं, सुधारून घ्यायचं. अख्ख्या काशीत त्याच्याइतका तीक्ष्ण कान नाही. लहानपणी त्या बोटाचा मला इतका राग होता की एकदा मी ते चावलंही होतं. मोठेपणी कळलं की ते बोट समोर आहे म्हणून मी बेधडक म्हणू शकतो. मनुष्याला आपली चूक स्वतःच्या कानाने ऐकू येत नाही. चुकणाऱ्याला ती बरोबरच वाटते.

तर मी ठरवलं होतं की वसंतपूजेच्या दिवसांत, म्हणजे चैत्रात घरोघरी वैदिकांना बोलावून मंत्र म्हणवून घेतात तेव्हा, त्याचं बोट किती वेळा वर होतं ते बघायचं. चैत्र लागला, आमंत्रणं सुरू झाली. एकदा रामघाटावर, एकदा ब्रह्माघाटावर, मग मुन्शी घाटाजवळच्या एका मराठी घरी. पाट मांडलेले, गुलाबपाणी, खसाचं अत्तर, नंतर कैरीची डाळ आणि पन्हं. मी म्हणत होतो आणि कुठेही अडत नव्हतो. घन असा सुटत होता की ऐकणारे माना डोलवायचे. आणि समोर त्याचं बोट नव्हतं. त्याचे हात उपरण्याखाली मांडीवर निवांत पडलेले. एकदाही नाही, तिन्ही ठिकाणी एकदाही नाही!

मुन्शी घाटाहून परतताना मी त्याला गाठलं आणि सगळं सांगितलं. माघातली पायरी, वडिलांचा चेहरा, दवाखाना, सुई. “आता बघ,” मी म्हटलं, “एक बोट उचलायची वेळ आली का तुला?” तो गंगेकडे बघत चालत होता. “चांगलं आहे,” म्हणाला. एवढंच. मला राग आला. मनात म्हटलं, याला हेवा वाटतो आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या घरी निघालो. बायकोने केलेली डाळ डब्यात घेतली होती. रात्रीत राग निवळला होता आणि मला त्याची दया यायला लागली होती, कारण त्याचाही चष्मा कुठे राहतो ते त्याला सापडत नाही. त्याला म्हणणार होतो, तूही चल, एक खेप घेऊन तर बघ. दुपारी आमच्या मुलांची विश्रांतीची वेळ असते, पाठशाळेत सामसूम होती. मी मुलं झोपली असतील असं समजून चपला हातात घेऊन बाहेर पडलो होतो.

त्याचा जिना चढताना वरून आवाज आला. मुलांचे आवाज, सगळे एका सुरात. ओळखीचे आवाज. मी निम्म्या जिन्यात थांबलो. ती माझी मुलं होती. आणि ती जे म्हणत होती तो पाठ मी त्यांना त्याच दिवशी सकाळी दिला होता.

त्याचा आवाज एकदा, मुलांचा दोनदा. पुन्हा त्याचा एकदा. मी ऐकत राहिलो. एके ठिकाणी तो भलतीकडे वळला. वेदात सारखे शब्द बऱ्याच ठिकाणी येतात, आमच्या गल्लीतल्या नळाजवळ दोन वाटा फुटतात तसं असतं. नवखा माणूस सरळ म्हणून जातो आणि भलत्याच घाटावर निघतो. तो तिथे मी दिलेल्या वाटेने न जाता दुसरीकडे गेला आणि मुलं त्याच्यामागून गेली. माझ्या मनात आलं, अरेरे, हा चुकला. म्हातारा झाला. माझं डोकं तेव्हा लख्ख होतं, आदल्याच आठवड्यात सुई घेतली होती, आणि त्या लख्ख डोक्याने मला ठामपणे सांगितलं की तो चुकतो आहे. मी डबा जिन्यात ठेवला आणि त्याला टोकायला म्हणून बोट वर करून दोन पायऱ्या चढलोही.

तेवढ्यात माझा डावा कान गरम झाला. याच जागी, याच शब्दाला, वडिलांनी माझा कान पिळला होता. मी लहानपणी इथेच भलत्या वाटेला लागायचो, रोज, आणि ते रोज पिळायचे, आणि शेजारी बसलेला तो बोट वर करून फिदीफिदी हसायचा. कान पिळून पिळून जी वाट त्यांनी मला लावली होती तीच आता वर मुलं म्हणत होती. सकाळी मी त्यांना दुसरी दिली होती. न अडता, सुरेख आवाजात, दोनदा म्हणवून घेतली होती.

मी पायरीवर बसलो. माघात शब्द सापडला नव्हता तेव्हा निदान कळलं तरी होतं की सापडत नाही. आता सगळं सापडत होतं आणि मला काही कळत नव्हतं.

कुणातरी मुलाने मला बघितलं असावं, कारण पाठ थांबला. गुरुबंधू बाहेर आला. मुलांना त्याने गच्चीवर जायला सांगितलं. ती माझ्याकडे न बघता भिंतीला धरून निघून गेली. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं.

“कधीपासून चुकतोय मी?” मी विचारलं.

“श्रावणीपासून.”

श्रावणी, म्हणजे गेल्या पावसाळ्यात जानवी बदलली तेव्हाची. माझी ती माघातली सकाळ त्याच्या कितीतरी नंतरची. मी ज्याला सुरुवात समजत होतो ती सुरुवात नव्हतीच.

“मग बोट का नाही उचललंस?” माझा आवाज चढला. “इतकी वर्षं उचललंस, बारीकसारीक चुकीला उचललंस, आणि आता? मेलो असं समजून सोडून दिलंस मला?”

तो माझ्या शेजारी पायरीवर बसला. गुडघे दुखतात त्याचे, बसायला वेळ लागला. “उचललं होतं ना रे,” तो म्हणाला. “दोनदा. श्रावणीला एकदा आणि नंतर दिवाळीत एकदा. तू बघितलंस. माझ्याकडे बघून हसलास आणि पुढे म्हणत गेलास. सगळी रांग बघत होती. मला बिलकुल समजेना काय करावं. मग मी हात उपरण्याखाली घेऊन बसायला लागलो. आणि मुलांना इकडे बोलावलं. त्यांचं खराब व्हायला नको.”

मी आठवायचा प्रयत्न केला. श्रावणी आठवली, दिवाळी आठवली, फराळात काय होतं तेही आठवलं. बोट आठवलं नाही.

मला इतकी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. वडिलांना निदान कळत होतं की ओळ गेली. म्हणून तो चेहरा. माझा चेहरा मात्र हसरा होता, तो म्हणाला तसा. मी ज्या परीक्षेत पास झालो म्हणून सुईचे गुण गात फिरत होतो, त्या परीक्षेत परीक्षकाने केव्हाच हात खाली घेतले होते. सुईने मला काय दिलं? झोप दिली असेल, उत्साह दिला असेल, तो खोटा होता असं मी म्हणणार नाही. पण डोकं स्वच्छ वाटणं ही एक गोष्ट आणि ते स्वच्छ असणं ही दुसरी, आणि त्या दोन्हींमधला फरक मला माझ्या आतून कळायची सोय आता उरली नव्हती.

“तुझी सुई सोड,” तो म्हणाला. “मुलगी म्हणते त्या डॉक्टरकडे जाऊ. तपासू दे काय तपासायचं ते. एखादी व्हिटॅमिनची कमी निघेल. नाही तर दुसरं काही निघेल.”

“दुसरं निघालं तर?”

त्यानेही माझ्या वडिलांना बघितलं होतं. खाली गल्लीतून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

“मला भीती वाटते रे,” मी म्हटलं. हे मी कुणाला पहिल्यांदाच म्हणत होतो.

“मला पण,” तो म्हणाला. “मी येतो बरोबर.”

मग तो भिंतीला धरून उठला आणि आत गेला. मीही गेलो. त्याने त्याची जागा घेतली. मी सवयीने त्याच्या समोर, बरोबरीच्या पाटावर बसायला गेलो, तर त्याने मान हलवून मुलांच्या चटया दाखवल्या. माझ्या रागाची मला सवय आहे, तो येईल म्हणून मी वाट बघितली. आला नाही. मी एका चटईवर मांडी घातली. ती अजून मुलांच्या अंगाने कोमट होती.

त्याने सकाळचाच पाठ घेतला. एकदा म्हटला, सावकाश, माझ्या वडिलांच्या चालीत. मी पहिल्यांदा म्हटला. नीट गेला. त्या दोन वाटांपाशी नीट वळलो, मला तसं वाटलं तरी. मग रीतीप्रमाणे दुसऱ्यांदा म्हणायला घेतला. त्याच्या तोंडाकडे मी बघितलं नाही. त्याच्या उपरण्याकडे बघत राहिलो. मी त्या शब्दावर आलो, पुढे गेलो, आवाज स्वच्छ लागला होता, कुठे अडखळ नव्हती, आणि उपरणं हललं.

बोट वर झालं. मी थांबलो.